लुकुमाचा वाटा

ट्रकवाल्याने माल उतरवला आणि कोठीची किल्ली ओर्फेलिंदाच्या हातात ठेवली, तेव्हाच साउसे गावाने मनाशी धरलं की नदीपलीकडच्यांना आता मिठाचा खडाही मिळायचा नाही.

यात गावाचं काही चुकलं नव्हतं. ओर्फेलिंदा तोक्तो ही रोंदाच्या बायकांची पुढारी. रोंदा म्हणजे आमच्या डोंगरातली गावगस्त. गुरं चोरणाऱ्याला पकडायचं, बांधावरची भांडणं तोडायची, आणि कोणी फारच माजला तर भर सभेत बैलाच्या कातड्याच्या चाबकाने त्याला जमिनीवर आणायचं. पोलीस आहेत, पण ते खाली शहरात, आणि पावसाळ्यात शहर म्हणजे आम्हाला परमुलूखच. पुरुषांचा प्रमुख सेगुंदो. तो तोंड उघडायच्या आधी ओर्फेलिंदाच्या तोंडाकडे बघायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दोन वर्षांपूर्वी खाण कंपनीच्या फाटकावर झटापट झाली आणि तिच्या नवऱ्याला, आन्सेल्मोला, पोटात गोळी लागली. साउसेची माणसं फाटकाच्या बाहेर होती. लुकुमाची माणसं आत होती, कंपनीच्या टोप्या घालून, पगारी. मध्ये एक नदी, दोन्ही काठांवर एकमेकांचे साडू आणि व्याही, आणि एका सकाळीत सगळं तुटलं. आन्सेल्मोच्या थडग्यावरची माती ओली होती तेव्हाच ओर्फेलिंदाने सभा बोलावून नियम करून घेतला. जे गाव कंपनीचं खातं त्याला रोंदाच्या भांड्यातलं, म्हणजे सामाईक कोठीतलं, काही द्यायचं नाही, आणि देईल त्याने तीन फटके खायचे. सगळ्यांचे हात वर गेले. त्यानंतर वर्षभरातच तिची एकुलती एक मुलगी नेलिदा पूल ओलांडून गेली आणि लुकुमाच्या एल्मेरबरोबर राहू लागली. तो एल्मेर त्या दिवशी फाटकाच्या आत होता की नव्हता यावर अजून दोन मतं आहेत. ओर्फेलिंदाचं मत एकच होतं. मला मुलगी नाही, असं तिने चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं आणि लोकांनी ते खरं धरलं. माणसाने रागात बोललेलं लोक फार पटकन खरं धरतात.

यंदाच्या पावसाने रस्ता नेला, पूल नेला, आणि वरच्या अंगाच्या वाड्यांचा पार मुडदा पाडला. ट्रक आला तो शेवटचाच; त्याच्या पाठीमागे कडा कोसळला. पिउरा शहरातल्या एका चर्चने गोळा केलेली ती मदत होती आणि ट्रकवाल्याने निरोप स्वच्छ सांगितला होता की चोन्ता, पिंगोला आणि लुकुमा, तिन्ही गावांना द्या. चोन्ता आणि पिंगोला याच काठावर, खेचरं कशीबशी जातील. लुकुमा पलीकडे. तिकडे जायला पूल होण्याआधीच्या काळातला पाळणा तेवढा उरला होता. नदीवर ताणलेली जाड तार, तिच्यावर चाकाने लोंबणारी लाकडी पेटी, आणि पेटीला दोन्हीकडून दोर. एका काठाने सोडायचं, दुसऱ्या काठाने ओढायचं. एक काठ रुसला तर पेटी जागची हलत नाही.

बायकांनी कोठीत पोती फोडायला घेतली. शहरातल्या लोकांची मनं मोठी आणि कपाटं त्याहून मोठी. उंच टाचांचे बूट निघाले, तेही एकेका पायाचे. पोहायचे कपडे निघाले. गळ्यात बांधायच्या टायांचं एक अख्खं खोकं निघालं, ते पाहून कोणी म्हणालं की यांनी खेचरं बांधता येतील, आणि खरोखर त्यांनीच बांधली. पण तांदूळही होता, शेवया होत्या, ओट, मीठ, तेल, ट्यूना माशाचे डबे, गुळाच्या ढेपा, दुधाचे डबे आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या.

ओर्फेलिंदा मधोमध उभी राहून वाटे पाडत होती. दर घराला सारखा वाटा ही रोंदाची रीत. मग घरात दोघं असोत की दहा. चोन्ताचा ढीग उभा राहिला, पिंगोलाचा राहिला. जे उरलं ते पुष्कळ होतं. कोणी विचारलं, हे पण या दोघांतच वाटायचं का?

"बाजूला ठेवा," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"बाजूला ठेवा म्हटलं ना. कान धुवायला पाणी देऊ का बाटलीतलं?"

तिची नणंद कासिमिरा मिठाच्या पुड्या बांधत होती. आन्सेल्मोची सख्खी बहीण ती. भावाच्या पोटातून रक्त वाहत होतं तेव्हा त्याचं डोकं हिच्या मांडीवर होतं, ओर्फेलिंदाच्या नव्हे, आणि हे ती वहिनीला कधी विसरू देत नसे. तिने त्या बाजूला ठेवलेल्या ढिगाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि पुढची पुडी बांधायला घेतली. कासिमिरा गप्प बसली की समजावं, पाणी मुरतंय.

खेचरं निघून गेली आणि दुपारी विदाल दारात येऊन उभा राहिला. विदाल लुकुमाचा सुतार. सकाळपासून त्याने पलीकडून हाका मारल्या होत्या, दोर हलवला होता, पण आमच्या काठावर पाळणा ओढायला कोणी गेलं नव्हतं. शेवटी गडी तारेला लोंबकळून, हातावर हात टाकत आला. तळवे सोलून निघाले होते. दारात आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी बसायला पाट आणि वाडगाभर कॉफी मिळते, मग तो वैरी का असेना. विदालला कोणी बस म्हटलं नाही.

त्याने उभ्यानेच सांगितलं. नदीकाठची घरं गेली, मका गेला, मीठसुद्धा संपलं. कच्ची केळी उकडून खातोय. ट्रक आलेला वरून दिसला. आमचा वाटा कधी पाठवताय?

"कंपनीकडे माग की," कासिमिरा म्हणाली. "तुम्हाला टोप्या देते, भाकरी देत नाही होय?"

"कंपनीची माणसं पहिल्याच पावसात हेलिकॉप्टरमधून गेली," विदाल म्हणाला. मग तो ओर्फेलिंदाकडे वळला, आणि थोर बाईला मानाने म्हणतात तसं 'दोन्या' म्हणत बोलला. "दोन्या ओर्फेलिंदा, तुमची नेलिदा बाळंत झाली. पोर धड आहे, पण आईच्या पोटात काही नाही तर अंगावर दूध कुठून येणार? पोर रडायचं थांबलंय. हे मी मागायला म्हणून सांगत नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो."

कोठीतल्या सगळ्या बायका तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तिचा चेहरा दगडासारखा राहिला. त्या चेहऱ्याचा तिला स्वतःलाच त्या क्षणी संताप आला, पण साउसेच्या बत्तीस घरांतल्या बायकांदेखत तो बदलायचा कसा, ते तिला येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली की सभा ठरवील.

सभा म्हणाली ती, आणि मनात तिने सगळं जुळवलं होतं. सेगुंदो मऊ माणूस. त्याची थोरली बहीण लुकुमात दिलेली. तो म्हणेल, झालं गेलं नदीला मिळालं, देऊन टाकू. मग मी कपाळाला आठ्या घालीन, चार शब्द सुनवीन, आणि सभेचा मान म्हणून गप्प बसेन. ढीग जाईल. माझा शब्दही राहील आणि पोरीच्या पोटात अन्नही पडेल. आयुष्यभर दुसऱ्याला भिववून ठेवलेल्या माणसाचा हिशेब असाच असतो. तो हे विसरतो की भ्यालेली माणसं मनातलं ओळखत नाहीत, डोळ्यातलं ओळखतात.

सभा भरली. टोप्या गुडघ्यावर, अंगावरचे लोकरी पोंचो ओले, बाहेर नदीचा आवाज इतका की दार लावून घ्यावं लागलं. सेगुंदोने विषय मांडला. लुकुमाचा वाटा पडून आहे, काय करायचं? एवढं बोलून त्याने सवयीप्रमाणे ओर्फेलिंदाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. बोल की मेल्या, असं ती जिवाच्या आकांताने डोळ्यांनी सांगत होती. सेगुंदोला त्या डोळ्यांत चाबूक दिसला.

"म्हणजे तसं विचारायचंही कारण नाही म्हणा," तो घाईघाईने म्हणाला. "नियम आहे. दोन्यांचं दुःख आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या घरातून उचललेल्या तिरडीची तरी लाज राखू या. नियम राहावा असं कोणाला वाटतं?"

हात वर गेले. ज्यांच्या लेकी पलीकडे दिलेल्या होत्या त्यांचेही गेले, आणि हात वर करताना ती माणसं तिच्याकडे बघत होती, बघ, आम्ही तुझ्याबरोबर आहोत, अशा नजरेने. अख्खं गाव तिच्यावर माया करत होतं आणि ती माया तिच्याच पोरीच्या तोंडचा घास काढत होती. विदाल कोपऱ्यात उभा होता. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि दाराकडे वळला.

"थांब रे," ओर्फेलिंदा म्हणाली. "आणि पाठवावं असं कोणाला वाटतं, ते विचार, सेगुंदोभाऊ. रीत आहे दोन्ही विचारायची."

सेगुंदोने विचारलं. एकच हात वर गेला आणि तो तिचा होता.

मग कासिमिरा हसली, आणि ते हसू ऐकण्यासारखं नव्हतं.

"अगं बाई, वहिनी! पान्हा फुटला की काय तुला या वयात?"

"फुटला असता तर तुला पाजला असता. तुझं तोंड तरी गोड झालं असतं."

"माझ्या भावाच्या मातीवर उभं राहून तू आम्हा सगळ्यांचे हात वर करवलेस. माझा हात तेव्हा रक्ताने भरलेला होता, अजून धुतला नव्हता मी. आता तुझी पोर उपाशी मरायला लागली तर नियम जड झाला? तिकडच्या दुसऱ्या पोरांसाठी कधी हात वर झाला नाही तुझा."

हे खरं होतं. ओर्फेलिंदा जास्तच ताठ उभी राहिली. हात मोजून झाले होते, नियम राहिला होता. ती म्हणाली, "नियम मोडू नका तुम्ही. मी मोडते. किल्ली माझ्याकडे आहे, ढीग मी पाठवणार आहे. मोडणाऱ्याला काय आहे ते नियमातच लिहिलंय, मीच लिहून घेतलंय. काढा चाबूक."

सेगुंदो नको नको म्हणत राहिला. पण चाबूक भिंतीवरच असतो, त्याला शोधावं लागत नाही. आमच्यात फटके घरच्याच माणसाने मारायचे असतात, म्हणजे त्यात सूड नसतो, उपदेश असतो असं म्हणतात. ओर्फेलिंदाचं घरचं माणूस कोण उरलं होतं? कासिमिरा उठली, तिने शाल खांद्यावरून काढून घडी केली आणि बाकावर ठेवली.

तिन्ही फटके तिने मन लावून मारले. तिसरा सगळ्यात जोरात होता. ओर्फेलिंदा खांबाला धरून उभी होती. खाली बसली नाही. मग वळून, रीतीप्रमाणे नणंदेला मिठी मारून तिने म्हणायचं ते म्हटलं, "उपदेश मिळाला, उपकार झाले." कासिमिराने मिठी सोडवली आणि शाल पुन्हा पांघरली.

ढीग नदीवर नेला. पण पाळण्याच्या दोराला हात लावायला माणसं पुढे येईनात. नियम एकटीने मोडला होता. दुसऱ्याने दोर धरला तर त्यालाही तीन फटके की काय, असं कोणीतरी पुटपुटलं. त्यावर कासिमिराच पुढे झाली. "फटके मारून झाले. फिटलं ते फिटलं. त्यानंतर जो राग धरतो तो रोंदाचा नव्हे," ती म्हणाली आणि तिने दोर कमरेला वेढा देऊन धरला. वहिनीवर माया आली म्हणून नव्हे. नियम तिला वहिनीपेक्षा जास्त कळत होता, इतकंच. मग सेगुंदो आला, मग बाकीचे.

पहिल्या पेटीत विदाल बसला आणि तांदूळ गेला. पलीकडून ओढलं गेलं, पेटी रिकामी परत आली. दुसरी गेली, तिसरी गेली. लुकुमाची माणसं पलीकडच्या काठावर गोळा झाली होती आणि ढिगापुढे रांग धरत होती. ओर्फेलिंदा डोळ्यांवर हात धरून त्या रांगेत शोधत होती. पाठ पेटली होती, सदरा पाठीला चिकटला होता. आणि तिला नेलिदा दिसली. पाठीवर शालीत पोर बांधलेलं, रांगेच्या अगदी टोकाला, सगळ्यांपासून दोन हात लांब. एक म्हातारा आला आणि तिच्या पुढे जाऊन उभा राहिला. मग दोन बायका आल्या, त्याही तिच्या पुढे उभ्या राहिल्या. बाळंतिणीला कोणी पुढे हो म्हटलं नाही. नवरा एल्मेर ढिगाशी पोती उचलत होता, त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ओर्फेलिंदाला समजायला वेळ लागला नाही. साउसेत ती पोर लुकुमाची झाली होती. लुकुमात ती अजून साउसेचीच होती. भांडं बंद करणाऱ्या बाईची मुलगी. तिने इथे बसून जे जे पेरलं होतं ते सगळं पलीकडे त्या पोरीच्या अंगावर उगवलं होतं. तिने हाक मारली. नदीने ती हाक अर्ध्या वाटेतच गिळली.

शेवटच्या खेपेला ती स्वतः पेटीत चढली. शालीखाली तिने एक गाठोडं धरलं होतं. दुधाचे डबे, गुळाची ढेप, ओट. वाटे पाडतानाच काढून ठेवलेलं. कासिमिराने ते पाहिलं.

"सारखा वाटा ना गं, वहिनी?"

"दोर सोड. आणि नीट धर."

"तुला नदीतच सोडायचं असतं तर मघाशी चाबूक कशाला हातात घेतला असता," कासिमिरा म्हणाली, आणि हळूहळू दोर सोडू लागली.

नदीच्या मध्यावर पेटी थांबली. खाली तपकिरी पाणी, त्यात मुळांसकट झाडं, फुगलेली एक गाय. पलीकडच्या दोरावरच्या माणसांनी तिला ओळखलं होतं आणि त्यांनी हात सैल सोडले होते. तिथून आवाज पोचत होते. कोणी म्हणालं, पोतं समजून ओढत होतो. दुसरं म्हणालं, पोत्यात निदान तांदूळ असतो. लटकू दे जरा, वरून दिसेल तिला आमचं गाव कसं झालंय ते. आणि ते तिला दिसतही होतं. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गाळ, एका घराचं नुसतं दार उभं. शिव्या द्यायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पेटी वाऱ्याने गोल फिरत होती आणि तिच्या पाठीवरचे वळ प्रत्येक वेळी फळीला घासत होते.

रांगेच्या टोकाची ती बाई पुढे आली. तिने दोर धरला आणि ओढायला लागली. एकटीच. पेटी वीतभर सरकायची, थांबायची. पाठीवरचं पोर प्रत्येक हिसक्याला हलत होतं. विदालला ते बघवेना, त्याने सोललेल्या हातांनी मागून दोर धरला, आणि मग दोघातिघांनी, तोंडं वाकडी करून.

पेटी काठाला टेकली. नेलिदा पूल ओलांडून गेल्यापासून पहिल्यांदाच मायलेकी समोरासमोर आल्या. नेलिदाचे गाल बसले होते. नजर मात्र आईची होती, तशीच, समोरच्याला उभा चिरणारी.

"हे तुझं," ओर्फेलिंदाने गाठोडं पुढे केलं. आवाज तिला हवा तसा मऊ निघाला नाही. "वेगळं काढलंय. घे आणि घरी जा, रांगेत उभी राहू नकोस."

नेलिदाने गाठोडं घेतलं. उघडून पाहिलं. दुधाच्या डब्यावर तिची बोटं क्षणभर थांबली, हे ओर्फेलिंदाने पाहिलं. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"वेगळं? मी एवढीशी होते तेव्हा कोठीतून गुळाचा खडा उचलला म्हणून तू मला भर सभेत उभं केलं होतंस. सगळ्यांचं भांडं एक, म्हणाली होतीस. आता ही सगळी माझ्याकडे बघताहेत. हे खाऊन उद्या मी यांच्यात राहायचं कसं, ते पण सांगून जा."

नेलिदा गेली आणि गाठोडं तिने ढिगावर मोकळं केलं, डब्यांवर डबे, गुळावर गूळ. मग परत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण जागा कोणी दिली नाही.

साउसेच्या काठावरून कासिमिराने दोराला हिसका दिला, येतेस का, म्हणून. ओर्फेलिंदाने पेटी रिकामीच जाऊ दिली. ती गाळातून चालत गेली आणि रांगेत नेलिदाच्या मागे उभी राहिली. तिला वाटा नव्हता, तो तिला नकोही होता. बाळंतीण शेवटची नको, कोणीतरी तिच्या मागे हवं, एवढंच तिला त्या घडीला सुचलं.

"घ्या," पुढून कोणीतरी म्हणालं. "आता साउसेवाले आमच्या रांगेतही घुसले."

नेलिदा मागे वळली नाही. पाठीवरच्या शालीतून पोराचं डोकं बाहेर आलं होतं, सुकलेलं, जावळ चिकटलेलं, ओर्फेलिंदाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. मुलगा की मुलगी, हेही तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं तर पोरीला हाक मारावी लागणार होती, आणि ती हाक मारायला तिची जीभ उचलेना. रांग एक पाऊल सरकली. ती सरकली.